घरची व्हॅन पुन्हा पुन्हा का बंद पडते: ओम्नी आणि ईको मालकांसाठी दुरुस्तीचा क्रम

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामा नगरात, जिथे घरात माणसं सहा-सात आणि गाडी एकच, तिथे व्हॅनला अजूनही पर्याय सापडत नाही. आजीला दार सरकवून बसता येतं. मागे पिशव्या, पाण्याचा कॅन आणि पूजेचं सामान मावतं. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे ती ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ईको २०१० पासून चालू आहे. दोन्हींची इंजिनं साधी आहेत, सुटे भाग सहज मिळतात आणि बहुतेक मिस्त्रींना त्या उघडता येतात.

तरीही मालक वैतागलेला असतो. बॅटरी नवी घातली, महिन्याने प्लग बदलले, मग पंप बदलला, आणि गाडी भंवरकुआँच्या सिग्नलवर पुन्हा उभी. अशा वेळी गाडीत चार बिघाड असतीलच असं नाही. बऱ्याचदा बिघाड एकच असतो आणि त्याच्यापर्यंत कुणी पोहोचलेलं नसतं, कारण प्रत्येक वेळी पार्ट अंदाजाने बदलला गेला. खालचा सगळा क्रम एका आग्रहावर उभा आहे: आधी नोंद, मग माप, आणि पैसे त्यानंतर.

गाडीत एक वही ठेवा

अधूनमधून येणारा बिघाड गॅरेजमध्ये गेल्यावर दिसत नाही. मिस्त्री चावी फिरवतो, गाडी चटकन सुरू होते आणि तो म्हणतो, ठीक तो है. म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्ये वही-पेन ठेवा. गाडी बंद पडली की त्याच वेळी सहा गोष्टी लिहा: इंजिन गार होतं की गरम, गाडी गॅसवर (सीएनजीवर) होती की पेट्रोलवर, टाकीत पेट्रोल किती होतं, एसी चालू होता का, चढ होता की सपाट रस्ता, आणि किती मिनिटांनी पुन्हा सुरू झाली. सोबत किलोमीटरचा आकडा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यात एक धागा दिसू लागतो. दर वेळी 'गरम, वीस मिनिटांनी सुरू' असं असेल तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही.

शब्दही नेमके वापरा. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. 'सेल्फ उठत नाही' आणि 'सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही' या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली विजेची, दुसरी इंधनाची किंवा ठिणगीची. 'गाडी स्टार्ट होत नाही' एवढंच सांगितलं तर मिस्त्रीला दोन्ही रस्ते उघडे राहतात आणि तो आधी जो पार्ट दुकानात आहे त्याच्याकडे वळतो.

सेल्फ उठत नसेल तर

पाचशे-सातशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. तो २० व्होल्ट डीसीवर लावून हा क्रम धरा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे चालण्यासारखी, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्याकडे पाहा. तो ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर बॅटरी थकलेली आहे. आकडा ११ च्या वर राहतो आणि सेल्फ मात्र रडतो, तर बॅटरी चांगली आहे. वीज वाटेत कुठेतरी अडते आहे.

ती अडण्याची सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी. व्हॅनच्या पोटाखाली चिखल, पाणी, धूळ सतत उडते. पट्टी वरून शाबूत दिसते आणि नटाखाली गंजलेली असते. तपासायला गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला हवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या वजा खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर लावा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, बसवून वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या अधिक खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत असंच मोजा. तिथे ०.५ पर्यंत चालतं. या अर्ध्या तासाच्या कामाने अनेक 'खराब' सेल्फ मोटारी बऱ्या होतात.

नंतर इंजिन सुरू करून, दिवे आणि पंखा लावून बॅटरीवर मोजा. १३.५ ते १४.५ यायला हवं. १३ च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटरचा (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा) पट्टा ढिला आहे का ते पाहा, अल्टरनेटर उघडायची गोष्ट त्यानंतर. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे आणि तो नवी बॅटरीही उकळवून टाकेल.

हे सगळं बरोबर असूनही दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते? मग कुठेतरी वीज गळते आहे. चावी काढा, दारं बंद करा, वजा तार सोडवून मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मधे जोडा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की ती लाइन दोषी. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, अलार्म आणि सरकत्या दाराचा दिवा आधी पाहा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नका.

गरम होणारी व्हॅन

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत मोठं बिल इथूनच निघतं. ओम्नी आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि रेडिएटर पुढे तोंडाशी. दोन्हींच्या मधे लांब पाइप आहेत. पाइप लांब म्हणजे जोड जास्त, गळायला जागा जास्त आणि हवा अडकायलाही जागा जास्त.

त्यात आपला भूगोल. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. ओंकारेश्वर किंवा महेश्वरला जाताना नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो आणि दुपारी, पोटभर जेवलेल्या सात माणसांसह, तोच घाट चढून परत येतो. मे महिन्यात हवा चाळिशीच्या वर. जाताना तापमानाचा काटा मधोमध आणि येताना भेरूघाटात लाल, यात नवल नाही: कूलिंगमधली छोटी उणीव सपाटीवर झाकली जाते, चढावर उघडी पडते.

तपासाचा क्रम असा ठेवा. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरची कॅप उघडा. गरम कॅप उघडली तर वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पहिली गोष्ट कॅपच. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब आहे. इंदूरच्या उंचीवर उघडं पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. ०.९ चा दाब धरला तर उकळबिंदू ११५ च्या पुढे जातो. कॅपचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि चांगल्या रेडिएटरमध्येही पाणी उकळतं. कॅप स्वस्त आहे. रेडिएटरला हात लावण्याआधी ती बदला, आणि त्याच आकड्याची बदला.

दुसरं, आत काय भरलंय ते पाहा. तांबूस गढूळ पाणी म्हणजे कुणीतरी बोअरिंगचं पाणी ओतलेलं आहे. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये जमतो, जसा गिझरमध्ये जमतो. रेडिएटरला हात लावून पाहा: इंजिन गरम असताना (पंख्याचा प्लग काढून, बोटं जपून) काही पट्टे गरम आणि काही गार लागले तर गार पट्ट्यांतल्या नळ्या बंद आहेत.

तिसरं, पंखा. इंजिन उभ्यानेच गरम होऊ द्या. कूलंटचं तापमान साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान गेलं की पंखा लागायला हवा. लागला नाही तर त्याला बॅटरीवरून थेट वीज द्या. फिरला तर मोटर चांगली, दोष स्विच, रिले किंवा वायरचा. कित्येकदा मिस्त्री पंखा चावीवर 'डायरेक्ट' करून देतो. त्याने रस्ता निभतो, पण मूळ सेन्सर खराबच राहतो आणि पंख्याची मोटर लवकर झिजते. घरी पोहोचेपर्यंतचा उपाय म्हणून घ्या, दुरुस्ती म्हणून नाही.

चौथं, थर्मोस्टॅट, म्हणजे ठराविक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. तो काढून फेकण्याची सवय चुकीची आहे. तो नसला की इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, हवा-इंधनाचं मिश्रण गडद (इंधन जास्त) राहतं, अ‍ॅव्हरेज पडतं. भांड्यातल्या पाण्यात टांगून गरम करा, सोबत थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याजवळ, बहुतेक ८२ किंवा ८८, तो उघडू लागला पाहिजे आणि पुढच्या बारा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

मग कूलंट भरणं. जुनं सगळं काढा, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ३० ला ७० ते निम्मेनिम असं मिसळा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण कूलंट गंजही रोखतं, म्हणून तीस टक्क्यांच्या खाली जाऊ नका. डबा 'रेडी टू यूज' असेल तर त्यात पाणी घालू नका. ज्या बाजूला भरायचं तोंड आहे ती बाजू थोड्या चढावर येईल अशी गाडी लावा, हीटर असेल तर तो गरमवर ठेवा, कॅप न लावता इंजिन सुरू करा आणि बारीक धारेने भरत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल. दोन्ही होज गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत भरा, मग कॅप लावा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. गार झाल्यावर पुन्हा पातळी पाहा. हवा काढण्यात दहा मिनिटं वाचवली की 'नवीन रेडिएटर टाकूनही गरम होते' ही तक्रार जन्माला येते.

इतकं करूनही पाणी कमी होतं आणि खाली थेंब दिसत नाही? आता हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधल्या पॅकिंगचा) संशय घ्या. खुणा: गार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. नुसत्या खुणांवर हेड उघडू देऊ नका. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा. इंजिनाच्या सिलिंडरांमधला फरक १ किलोपेक्षा (प्रति चौरस सेंटिमीटर) जास्त नको, आणि शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकत्र पडला असेल तर गॅस्केट जवळपास नक्की. हेड उघडलंच तर ते सरळपट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजणाऱ्या पट्ट्यांनी) तपासलं पाहिजे. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घ्यायचं. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. गॅरेजमध्ये टॉर्क रेंच नसेल तर हे काम तिथे देऊ नका. एकदा बदललेलं गॅस्केट सहा महिन्यांत पुन्हा जातं ते बहुधा या दोन कामांत कसर झाल्यामुळे.

आणि काटा लाल झाला की थांबा. सर्व्हिस रोड येईपर्यंत, ढाबा येईपर्यंत असं नाही, तिथेच बाजूला. त्या दोन किलोमीटरांत अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं.

गॅसवर मिसिंग

गॅसवर झटके देते, पेट्रोलवर बरी चालते: ही तक्रार आली की किट ट्यून करायला धावू नका. सीएनजीला पेटायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे प्लग, कॉइल किंवा प्लग वायरमधला अशक्तपणा आधी गॅसवर दिसतो. प्लग काढून फटीचं माप घ्या. पेट्रोलला चालणारी १ ते १.१ मिलिमीटरची फट गॅसला जास्त होते. ०.७ ते ०.८ ठेवा, कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो. वायर असलेल्या गाडीत अंधारात बॉनेटऐवजी सीट उचलून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. ठिणग्या उड्या मारताना दिसल्या तर सगळा सेट बदला, एकच वायर नाही. एअर फिल्टर गॅसवर लवकर बदलावा लागतो. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते.

यानंतरही झटके राहिले तर गॅसचा लो प्रेशर फिल्टर, मग टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा). गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हच्या सीट झिजतात आणि टॅपेटची फट कमी होत जाते. सकाळी सुरू व्हायला त्रास, गरम झाल्यावर आयडलला थरथर, हे त्याचं लक्षण.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवण्याचा हट्ट महाग पडतो. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो, आणि बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर चालतानाही तो फिरत राहतो. पाव टाकी कायम ठेवा. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल शोषतं. म्हणून रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवून ते फिरतं ठेवा.

गॅसचा वास आला तर शोधाशोध करत बसू नका. काचा उघडा, सगळ्यांना उतरवा, सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, त्याचे जोड फक्त अधिकृत किट सेंटरने उघडायचे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख प्लेटवर पाहा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ईकोला ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावता येतो, मोबाइलवर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड दिसतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (इंधन कमी), पी ०३०० म्हणजे अनेक सिलिंडर मिस. कोड पार्टचं नाव सांगत नाही, कुठे पाहायचं ते सांगतो. पी ०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे खूप आहेत, आणि दोष निघतो फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपचा. गरम झाल्यावर बंद पडून वीस मिनिटांनी सुरू होणाऱ्या गाडीत सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पाहा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर दोष क्रँक सेन्सरचा (इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा) किंवा त्याच्या वायरचा. आरपीएम येतो, पण चावी लावल्यावर मागून पंपाची दोन-तीन सेकंदांची घूंऽ ऐकू येत नाही, तर पंपाचा रिले आधी, पंप नंतर.

बाकीच्या कुरबुरी

सरकतं दार अडकतं ते रोलर झिजल्याने आणि रुळात माती भरल्याने. रूळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, रोलर बदला, ग्रीसचा पातळ हात द्या. पातळ तेल ओतू नका, त्यावर माती चिकटून घासणीचा कागद तयार होतो. गिअर टाकताना मागून 'टक' आवाज येतो तो बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे जोडाचा. गाडी उभी आणि चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने हलवा, क्रॉसमध्ये खेळ जाणवला तर वाट पाहू नका.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ते हवेतली ओल ओढतं, आणि भरलेल्या गाडीने लांब घाट उतरताना ते पाणी वाफ होऊन पेडल थेट फ्लोअरला जातं. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. सात माणसं बसणार असतील तर टायरमध्ये हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरमधल्या 'पूर्ण भार' रकान्याप्रमाणे, आणि ती गार टायरमध्ये.

इंजिनाचं काम झाल्यावर सीटखालच्या झाकणाची रबर पट्टी आणि उष्णता अडवणारी मॅट परत बसवली का ते स्वतः पाहा. ती गॅरेजात राहून गेली की सीट तापते आणि धुराचा वास माणसांपर्यंत येतो. लहान मुलं असतात गाडीत, यात ढिलाई नको.

गॅरेजशी व्यवहार

वहीचं पान दाखवा. 'काय बदलायचं?' असं विचारू नका. 'हे कसं तपासणार?' असं विचारा. तपासणीचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा, कारण फुकट तपासणीचे पैसे पार्टमधूनच वसूल होतात. एका वेळी एकच पार्ट बदला आणि आठवडाभर चालवून पाहा. तीन पार्ट एकदम बदलले आणि गाडी बरी झाली, तर दोष कोणता होता ते कधीच कळत नाही. जुना पार्ट परत मागा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. चांगला मिस्त्री याला रागावत नाही, आणि असा मिस्त्री मिळाला तर त्याचे पैसे वेळेवर द्या.

ठेवायची की विकायची

वहीतला वर्षभराचा खर्च दोन रकान्यांत मांडा. टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच हा झिजेचा खर्च, तो कुठल्याही गाडीला आहे. दुसऱ्या रकान्यात बिघाड. निर्णय दुसऱ्या रकान्यावर घ्यायचा. त्याआधी दोन तपासण्या: कॉम्प्रेशन, आणि गंज. मॅट उचलून पेचकसच्या मुठीने फ्लोअर, सरकत्या दाराचा खालचा रूळ आणि मागच्या चाकांच्या कमानी ठोकून पाहा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर इंजिन कितीही चांगलं असो, त्या गाडीवर मोठा खर्च करू नका, अपघातात तोच पत्रा घरच्यांना वाचवणार असतो. कॉम्प्रेशन सारखं आणि पत्रा घट्ट असेल तर वायरिंग आणि कूलिंग एकदा नीट करून गाडी ठेवा.

नोंदणीला पंधरा वर्षं होत असतील तर मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. गाडी तपासणीत पास झाली की पाच वर्षं वाढतात. गॅस किटची नोंद आरसीवर आहे आणि सिलिंडरची टेस्ट चालू मुदतीत आहे हे आरटीओला जाण्याआधी बघा. विकायची असली तरी हेच दोन कागद आधी तयार करा आणि वही खरेदीदाराच्या हातात द्या.